तिसऱ्या डब्यासमोरचं जाजम

माणूस किती मोठा आहे हे तो गाडीतून उतरतो कसा यावरून ओळखावं, असं आमचे साहेब म्हणायचे. चढताना सगळे सारखेच, धडपडतात, भांडतात, खिडकीतून पिशव्या आत टाकतात. खरा माणूस कळतो तो उतरताना. हे तत्त्वज्ञान त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी नुकतीच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्रॉइंगं गिरवणारी ट्रेसर म्हणून लागले होते आणि बसमधून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मी आत शिरले, तर साहेबांनी चष्म्यावरून बघून हे वाक्य टाकलं. मला वाटलं, टोचून बोलतायत. ते पुण्याचे आहेत हे कळल्यावर तर खात्रीच पटली. पुढे लक्षात आलं की ते माझ्याबद्दल बोलतच नव्हते. माझ्या चपलेवरून त्यांना विलायतेच्या राण्या आठवल्या होत्या.

मी मूळची नागपूरची. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून उठली तेव्हा सरकारी फायली नवाबांच्या भोपाळला आल्या, मग कपाटं आली आणि कपाटांच्या मागून वडिलांबरोबर आम्ही आलो. त्यामुळे राजे, राण्या, संस्थानं यांच्याबद्दल आमच्या घरात फारसं प्रेम नव्हतं. साहेबांना मात्र दुसरं काही सुचायचं नाही. तसे ते हुशार इंजिनियर होते. रेल्वेच्या इंजिनांना लागणाऱ्या मोटारी आमच्या कारखान्यात बनत आणि त्यांची ड्रॉइंगं साहेबांच्या हाताखालून जात. सुरुवातीच्या काळात कारखान्यानं काही जणांना विलायतेला शिकायला पाठवलं होतं, त्यात साहेबही होते. बाकीच्यांनी येताना विजेचे वस्तरे आणले, नायलॉनच्या साड्या आणल्या, एकानं तर काचेचा अख्खा डिनरसेट सुखरूप आणला. साहेबांनी आणलं शाही रेल्वे डब्यांचं वेड आणि दाराची एक पितळी मूठ.

ती मूठ त्यांनी तिकडच्या जुन्या बाजारात घेतली होती. कुठल्याशा राजघराण्याच्या डब्याची आहे, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि साहेबांनी ते मानलं. पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर त्यांचं क्वार्टर होतं. त्याच्या दाराला त्यांनी ती बसवली. कंपनीच्या दाराला परकी मूठ बसवता येते का, यावर टाउनशिपच्या इस्टेटवाल्यांनी बराच विचार केला. शेवटी त्यांचा माणूस चौकशीला आला, तर साहेबांनी त्याला चहा पाजून तासभर मुठीचा इतिहास सांगितला. तो पुन्हा त्या जिन्याकडे फिरकला नाही.

ऑफिसात चहाच्या सुट्टीत साहेबांचं कीर्तन लागायचं. पहिले शाही डबे म्हणजे घोडागाड्याच होत्या, ते सांगायचे. बग्ग्यांची खोकी एका चौकटीवर ठोकायची आणि खाली रुळावरची चाकं लावायची. अशाच एका डब्यात एका राणीला रात्री झोपायचं होतं, पण बग्गीच्या खोक्यात पाय पसरणार कुठे? मग डब्याच्या मागच्या अंगाला एक पेटी काढली. रात्री राणी आत आणि राणीचे पाय पेटीत. हे सांगताना साहेब बूट काढून आपले पाय टेबलाच्या खालच्या खणात सारून दाखवायचे. एकदा ते असे राणी होऊन बसलेले असताना मोठे साहेब फेरीवर आले. आम्ही सगळे उभे राहिलो. आमच्या साहेबांचे पाय मात्र खणातून निघेनात, म्हणून त्यांनी बसल्या बसल्याच मान झुकवली. ती इतक्या डौलात झुकवली की मोठे साहेबही नकळत वाकले.

दुसरी एक म्हातारी राणी होती, ती धावत्या गाडीत अन्नाला शिवत नसे. तिच्या जेवणासाठी गाडी स्टेशनात थांबवावी लागे. एका डब्यातून दुसऱ्यात जायचं तरी तिला गाडी थांबलेली हवी. आणि वेग आवडत नसे. काही शाही गाड्यांच्या छपरावर म्हणे एक खुणेची तबकडी असायची आणि इंजिनाच्या मागे एक माणूस पाठमोरा बसून तिच्यावर नजर ठेवायचा. आतून तबकडी फिरवली की त्यानं ड्रायव्हरला सांगायचं, हळू. साहेबांनी यातला भोजनाचा नियम स्वतःला लावून घेतला होता. गाडी हलत असली तर घास तोंडात नाही. इटारसी गेली, भुसावळ यायला अवकाश आहे, डबा मांडीवर उघडा आहे, आणि हे खिडकीबाहेर बघत बसलेत. छपरावरच्या तबकडीचा नियम त्यांनी स्कूटरला लावला होता. मागे बसलेल्या बायकोनं पाठीवर एक थाप मारली की हळू, दोन मारल्या की थांब. त्यांची बायको मला सांगायची की थंडीत त्यांना स्वेटरमधून थापा कळत नाहीत, आणि उन्हाळ्यात कळून न कळल्यासारखं करतात.

बायको म्हणजे आमच्या सिस्टर. टाउनशिपच्या हॉस्पिटलात त्या नर्स होत्या, केरळच्या, ख्रिश्चन. विलायतेहून परतल्यावर साहेबांना कावीळ झाली. त्या आजारपणात सिस्टरनी शाही डब्यांचा अख्खा इतिहास एकदाही जांभई न देता ऐकून घेतला. साहेबांनी ताबडतोब लग्नाचं विचारलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं. सगळी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणायची, आणि साहेबही चारचौघांत तेच म्हणायचे. सिस्टरचं मराठी साहेबांकडून, रेल्वेच्या शब्दांसकट आलेलं आणि भोपाळच्या हिंदीत मुरलेलं होतं. भाजी संपली की त्या म्हणायच्या, "आज यार्डात भिंडी नाही."

साहेबांची राजांबद्दलची भक्ती मला खरी का वाटायची ते सांगते. स्टेशनापलीकडच्या यार्डात संस्थानी काळातला एक जुना सलून, म्हणजे बड्या लोकांचा खास डबा, कडेला सोडून दिला होता. एका रविवारी साहेब आम्हा नवराबायकोला आणि सिस्टरना घेऊन तो दाखवायला निघाले. वाटेत त्यांनी भोपाळच्या बेगमांच्या काळचा थाट वर्णन केला. डब्याच्या दारापासून बग्गीपर्यंत दोन्ही बाजूंना कनाती लागायच्या, बेगमसाहेबांच्या जोड्याचं टोकही कुणाला दिसत नसे, आणि तरी त्या उतरल्याचं गावाला कळायचं. साहेबांच्या मते उतरण्यातली ही सर्वांत वरची पायरी. आम्ही पोचलो, तर सलूनच्या मागच्या सज्ज्यात लाल मिरच्या वाळत होत्या. आत एका गँगमनचा संसार होता. त्याची बायको दारात उभी राहिली आणि म्हणाली, अंदर आना है तो जूते उतारो, अभी लीपा है. सागवानी फरशी तिनं शेणानं सारवली होती. मला हसू आवरेना. साहेबांनी मात्र खाली बसून निमूट बुटाच्या नाड्या सोडल्या, आत जाऊन छताकडे बघत हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाले, घर शाही आहे, बाई नियमाची पक्की आहे.

पण या सगळ्या पुराणातलं त्यांचं लाडकं प्रकरण होतं गालिच्याचं. शाही गाडी स्टेशनात येते तेव्हा डब्याचं दार नेमकं गालिच्यासमोर यायला हवं. त्यासाठी प्लॅटफॉर्मवर एक माणूस झेंडा घेऊन ठरल्या जागी उभा राहायचा आणि ड्रायव्हरनं त्याच्याशी इंजिन जुळवायचं. वीतभर पुढे नाही, वीतभर मागे नाही. मी एकदा विचारलं, की एवढी यातायात कशाला, दार पुढेमागे झालं तर गालिचाच सरकवावा. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गालिचा हलत नाही," ते म्हणाले. "गाडी हलते. गालिचा सरकवायचा असेल तर मग सतरंजी आणा."

आता या सगळ्याच्या पोटात एक दुखरी जागा होती, ती आम्हा शेजाऱ्यांना माहीत होती. साहेबांच्या आई पुण्याला धाकट्या मुलाकडे असत. साहेबांनी परजातीतलीच काय, परधर्मातली मुलगी केली, तीही कोर्टात जाऊन, तेव्हा आईंनी सांगितलं की त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. साहेबही त्यांचेच चिरंजीव. ते म्हणाले, मग मीही या घरात यायचा नाही. दोघांनी आपापला शब्द वर्षानुवर्षं पाळला. भाऊ अधूनमधून पत्र घालायचा, कामानिमित्त एकदोनदा येऊनही गेला. त्यानंच सिस्टरना हसत हसत सांगून टाकलं होतं, की आमच्या घरात तुमचं नाव कोणी घेत नाही, आई तुम्हाला नुसतं 'ती' म्हणते. सिस्टरनी ते मलाही हसतच सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

मग एका थंडीत ऑफिसच्या फोनवर भावाचा ट्रंक कॉल आला. ट्रंक कॉलवर ओरडूनच बोलावं लागायचं, त्यामुळे साहेबांच्या घरची बातमी सगळ्या ड्रॉइंग ऑफिसला एकदमच कळली. आई भोपाळला येतायत. एकट्या. रेल्वेत शेजारच्या बर्थवर ओळखीचं एक कुटुंब आहे, ते पुढे झाशीला जाणार. आईंचे गुडघे गेलेत आणि डोळेही जातील म्हणतात, त्याआधी एकदा मुलाला बघायचंय. पण घरी येईन असं त्यांनी कबूल केलेलं नाही. भोपाळातच नेहरू नगरला त्यांची एक मावसबहीण राहते. स्टेशनवरून तिच्याकडे जायचं की मुलाकडे, ते मी उतरल्यावर ठरवीन, असा त्यांचा निरोप होता. साहेबांनी ओरडून विचारलं, डबा कुठला? पलीकडून उत्तर आलं असणार, कारण साहेबांनी ते पुन्हा मोठ्यानं म्हटलं, इंजिनापासून तिसरा. फोन ठेवून ते जागेवर येऊन बसले आणि बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले.

उतरल्यावर ठरवीन. जन्मभर ज्यांनी उतरण्यावर प्रवचनं दिली त्यांना देवानं असा पेपर काढला होता.

साहेबांनी कंबर कसली. आठवडाभर ते रोज दुपारी अर्ध्या सुट्टीवर स्टेशनात जाऊन तीच पुण्याची गाडी बघून आले. इंजिन कुठे थांबतं, तिसऱ्या डब्याचं दार कुठे येतं, हे बघून त्यांनी प्लॅटफॉर्मवर खडूनं खूण केली. रोजच्या खुणांची सरासरी काढली. टाउनशिपच्या मराठी मंडळाकडे गणपतीत अंथरायचं एक लाल जाजम होतं. ते मंडळाच्या सेक्रेटरींना न सांगता मंडपवाल्याच्या ओळखीनं मिळवलं. माझ्या नवऱ्याला जाजमाचं दुसरं टोक धरायची नेमणूक मिळाली. मला आणि सिस्टरना प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला, इटारसीच्या अंगाला उभं राहायचं होतं. शाही गाडीच्या पुढे वर्दी द्यायला एक मोकळं इंजिन धावतं, त्याला पायलट म्हणतात. गाडी लांबून दिसली की सिस्टरनी हिरवा रुमाल उंच धरायचा, म्हणजे इकडे जाजम उलगडेल. तुम्ही आमचं पायलट इंजिन, साहेब त्यांना म्हणाले.

त्या दिवशी सिस्टर सकाळची ड्यूटी करून तशाच पांढऱ्या साडीत स्टेशनवर आल्या. हातात चहाचा थर्मास होता आणि काखेत हॉस्पिटलात असते तशी लहानशी उशी. आम्ही दोघी नेमलेल्या टोकाला बाकावर बसलो. लांबवर साहेब सूट घालून खडूच्या खुणेपाशी येरझाऱ्या घालत होते आणि हमाल त्यांच्याभोवती गोळा झाले होते. कोणीतरी मिनिस्टर येतोय अशी बातमी एव्हाना स्टेशनभर झालेली असणार. मी म्हटलं, "साहेबांनी तुम्हाला बरंच लांबचं पोस्टिंग दिलं."

"मला मालूम आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "आई उतरल्या आणि समोर मी दिसले, तर सीधा नेहरू नगर. ते मला सांगू शकत नाहीत, म्हणून पायलट केलं." मग थर्मासचं झाकण घट्ट आहे ना ते पुन्हा बघून म्हणाल्या, "चालेल. लांबून तर लांबून, मी बघीन त्यांना."

मला साहेबांचा राग आला. एवढा माणूस, राणीच्या पायांसाठी पेटी कुणी काढली हे ज्याला ठाऊक, त्याला आपल्या बायकोला आईसमोर उभं करायचं धैर्य होऊ नये, याचा राग आला. मी तो बोलून दाखवला नाही, कारण गाडी दिसली.

सिस्टरनी रुमाल उंच धरला. पलीकडे जाजम उलगडलं. इंजिन धडधडत आमच्यासमोरून गेलं, डबे जात राहिले, वेग मंदावला, आणि गाडी थांबली. साहेबांचं गणित चोख होतं. तिसऱ्या डब्याचं दार बरोब्बर जाजमासमोर आलं. त्या दारातून एक फौजी उतरला आणि मागून त्याची लोखंडी ट्रंक. लाल जाजम, सूट घातलेला माणूस आणि जोडलेले हात बघून त्यानं सलाम ठोकला, असं नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. त्यानंतर त्या दारातून आणखी तीन फौजी उतरले. आई उतरल्या नाहीत.

आम्हाला हे काही दिसत नव्हतं. आमच्या बाजूचे शेवटचे डबे तर प्लॅटफॉर्मवर आलेच नव्हते. प्लॅटफॉर्म जिथे उतरत जाऊन संपतो त्याच्याही पलीकडे, खडीवर उभे होते. तिकडून एक बाई खिडकीतून मराठीत हाका मारत होती, कोणी आजींना घ्यायला आलंय का. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि धावलो.

दारात नऊवारीतल्या एक वृद्ध बाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. खाली पायऱ्या संपत होत्या आणि पायऱ्यांच्या खाली पुरुषभर नसली तरी म्हातारीला विहिरीसारखी वाटावी एवढी पोकळी होती. त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं, की माझा मुलगा येईल, तो आल्याशिवाय मी उतरायची नाही. मुलगा गाडीच्या दुसऱ्या टोकाला फौजींचं स्वागत करत होता. इंजिनानं शिट्टी दिली.

सिस्टरनी थर्मास आणि उशी माझ्या हातात कोंबली आणि त्या खडीत उतरल्या. मी त्यांना रोज बघत होते, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता. तो हॉस्पिटलातला असणार.

"आई, काठी यांच्याकडे द्या. तोंड डब्याकडे करा. दोन्ही दांडे धरा. दुखरा पाय कुठला?"

"डावा," आई म्हणाल्या.

"मग डावा आधी. खाली बघू नका. मी आहे."

आई वळल्या. एक पायरी, दुसरी पायरी. शेवटच्या पायरीवर येऊन थांबल्या, कारण पुढे काहीच नव्हतं. सिस्टरनी एक गुडघा खडीत टेकला, दुसरी मांडी पायरीसारखी पुढे केली, एका हातानं आईंची कंबर धरली आणि त्यांचा पाय दुसऱ्या हातानं आपल्या गुडघ्यावर आणला. आईंनी तो मागे ओढला.

"माणसाला पाय कसा लावू?"

"लावा. मी ड्यूटीवर आहे."

आईंनी सिस्टरच्या गुडघ्यावर पाय ठेवला आणि खाली आल्या. गाडी हलली. आई क्षणभर डोळे मिटून, सिस्टरचा खांदा धरून उभ्या राहिल्या. मग आपल्याकडे पाय लागला की कुणीही करतं तेच त्यांनी केलं. दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढं वाकून सिस्टरच्या गुडघ्याला बोटं लावली आणि ती आपल्या कपाळाला लावली. पांढऱ्या साडीवर त्यांच्या वहाणेचा मातकट ठसा उमटला होता. आई त्या ठशाकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी वर पाहिलं.

"तूच ना ती?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मीच ती."

आईंनी काठीसाठी माझ्याकडे हात केला, पण दुसरा हात सिस्टरच्या खांद्यावरून काढला नाही. तशाच दोघी उतारावरून प्लॅटफॉर्मवर आल्या आणि आमच्या बाकावर बसल्या. सिस्टरनी डाव्या गुडघ्याखाली उशी सरकवली. मी थर्मासमधून चहा ओतला. सुनेसमोर रडायचं नाही असं आईंनी बहुधा पुण्याहूनच ठरवून आणलं होतं. मी काहीच ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे चहा ओतता ओतता मीच रडले.

तेवढ्यात साहेब दिसले. सबंध प्लॅटफॉर्म पार करून ते पळत येत होते. टाय खांद्यावर गेलेला, आणि काखेत जाजमाची कशीबशी केलेली गुंडाळी. तिचं एक टोक मागे लोळत होतं, ते टोक धरून माझा नवरा पळत होता आणि त्याच्यामागून मिनिस्टर बघायला आलेले चारदोन हमाल. गालिचा हलत नाही म्हणणाऱ्या माणसाचा गालिचा मी भोपाळ स्टेशनावर असा धावताना पाहिला. साहेब बाकापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "तिसरा डबा होता ना?"

"इंजिनापासून तिसराच होता," आई म्हणाल्या. "पुण्याला. दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. पुढचं मागे होतं." कपातला चहा त्यांनी एकदा ढवळल्यासारखा हलवला. "लहानपणी त्यासाठी तू दौंडला मला खाली उतरायला लावायचास. इंजिन बघायला. ते विसरलास, म्हणजे किती वर्षांत घरी आला नाहीस ते बघ."

जगातल्या झाडून सगळ्या राण्यांच्या गाड्या कुठे थांबल्या हे पाठ असलेला माणूस तिथे मान खाली घालून उभा राहिला. सिस्टरनी त्यांच्या काखेतलं जाजम हळूच काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आणलं आहे तर अंथरा आता." साहेबांनी आणि नवऱ्यानं ते बाकासमोर अंथरलं. बाकावर सगळे मावत नव्हते, म्हणून आम्ही जाजमावर बसलो. सिस्टर आईंचा गुडघा दाबत होत्या आणि साहेब उभे होते. खांद्यावरचा टाय सरळ करून त्यांनी विचारलं, की नेहरू नगरला सोडू का, टेम्पो बाहेर उभा आहे.

आईंनी गुडघ्यावरच्या सिस्टरच्या हाताकडे बोट केलं.

"हिच्या हातात गुडघा दिलाय. आता ही जाईल तिकडे मी."

चार दिवसांसाठी आलेल्या आई होळीपर्यंत राहिल्या. मावसबहीण त्यांना नेहरू नगरहून भेटायला यायची आणि चिडून परत जायची. जाजम परत करायला उशीर झाला म्हणून मंडळाचे सेक्रेटरी बरेच दिवस साहेबांशी बोलत नव्हते. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून शाही डब्यांचा इतिहास ऐकू यायचा, आणि मध्येच आईंचा आवाज, की अरे त्या राणीला जरा झोपू दे. गालिच्याचं प्रकरण मात्र साहेबांनी पुन्हा सांगितलं नाही. ऑफिसात आम्ही मुद्दाम विचारायचो. ते पेन्सिलीला टोक काढायचे.

आईंना पोचवायला साहेब आणि सिस्टर दोघंही पुण्याला गेले. परत आल्यावर सिस्टरनी मला त्या प्रवासातलं सांगितलं. साहेबांनी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, कारण गाडी जिथे जिथे थांबायची तिथे ते आईंसाठी गरम पाणी आणायला उतरायचे आणि चढेपर्यंत गाडी हलायची. मग दौंड आलं. साहेब खाली उतरले आणि इंजिन सुटून, गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येऊन लागेपर्यंत लहान मुलासारखे बघत उभे राहिले. खिडकीतून आईंनी सिस्टरच्या हातातला डबा घेतला, दशमी चटणी लावून गुंडाळली आणि गजांतून बाहेर धरली.

"गाडी उभी आहे तोवर खाऊन घे," आई म्हणाल्या. "आता घर जवळ आलं."